मावशींचे उलटे दोन दिवस

आमच्या रिसॉर्टमध्ये शांतता हाच खरा माल आहे. समुद्र, पांढरी वाळू आणि नारळाची झाडं आजूबाजूच्या बेटांवरही आहेत, त्यात आमचं काही कौतुक नाही. पण आमच्याकडे सामानाच्या गाड्यांना रबराची चाकं आहेत, दारांच्या कडांना कापडी पट्ट्या आहेत आणि बर्फ फोडायचं यंत्र पार मागच्या शेडमध्ये नेऊन ठेवलेलं आहे. पाहुणा झोपलेला दिसला तर कर्मचाऱ्याने फरशीवरून न जाता वाळूतून वळसा घालून जायचं असा नियम आहे. मी इथे हाउसकीपिंगची प्रमुख. चोवीस कॉटेज आणि एकवीस माणसं माझ्या हाताखाली. जन्माची बडबडी बाई मी, आणि पदरात नोकरी पडली ती ही. दिवसभर कुजबुजत बोलायचं म्हणजे अर्धपोटी राहिल्यासारखं वाटतं. ती भूक आता हे सांगताना भागवून घेते.

सांगायचं आहे ते लिनन रूमच्या मावशींबद्दल. चादरी, अभ्रे, टॉवेल, अंघोळीनंतरचे झगे, सगळं जिथून जातं आणि जिथे परत येतं ती लिनन रूम. मावशी तिथे तीस वर्षं होत्या. कुणाच्याही सख्ख्या मावशी नव्हत्या, पण मॅनेजरसाहेबसुद्धा त्यांना मावशीच म्हणायचे. राखाडी गणवेश, घट्ट अंबाडा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. चारचौघांत मला "ताई" म्हणायच्या, कारण मी त्यांची साहेब. लिनन रूमचं दार लावलं की "ए पोरी". वीस वर्षांपूर्वी त्यांनीच मला चादरीचा कोपरा दुमडायला शिकवला होता, तोही पाच वेळा उसकटून. पाचव्या वेळी मला रडू आलं तेव्हा म्हणाल्या, "रड, पण चादरीवर नको."

त्यांच्या मते चादर खोटं बोलत नाही. सकाळी काढलेल्या चादरींच्या ढिगाकडे बघून त्या सांगायच्या: चार नंबरचा माणूस रात्रभर तळमळला, अकरा नंबरच्या जोडप्याचं भांडण झालंय, सोळाची म्हातारी पायाशी उशी घेऊन झोपते, तिला आज एक जास्तीची द्या. आणि एकही अंदाज चुकायचा नाही. एकदा एका कॉटेजचा बिछाना सकाळी जसाच्या तसा दिसला, तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला (आमच्याकडचा आरडाओरडा म्हणजे जरा मोठ्याने बोलणं). माणसं धावली. पाहुणा खडकांमागे पाय मुरगळून रात्रभर पडलेला सापडला. तेव्हापासून नियमच झाला: सकाळी बिछाना न वापरलेला दिसला तर ताबडतोब कळवायचं आणि शोध सुरू करायचा. चहूबाजूंनी पाणी असलेल्या जागी हा नियम बरा. या नियमावरूनच पुढे महाभारत घडलं.

मावशींचा एकच हट्ट माझ्या डोक्यात जायचा. खळ. चादरींना त्या अशी कडक खळ घालायला लावायच्या की नवी चादर उलगडताना कागदासारखा आवाज यायचा. पाहुण्यांच्या अभिप्रायाच्या कार्डांवर वर्षाकाठी पाचसहा तक्रारी ठरलेल्या: चादर जरा कडक वाटते. मी कार्ड घेऊन गेले की मावशी चष्मा कपाळावर चढवून म्हणायच्या, "ज्याला चुरगळलेल्यात झोपायचंय त्याने आपल्या घरी झोपावं." पुढे बोलायची सोय नाही.

त्यांचे यजमान म्हणजे आमचे कप्तान. कुठल्या जहाजाचे वगैरे नव्हेत. समोरच्या किनाऱ्यावरून कर्मचाऱ्यांना बेटावर आणणारी तीस माणसांची बोट ते चालवायचे. बावीस वर्षं त्यांनी बायकोला रोज कामावर आणलं आणि रोज घरी नेलं, आणि बोटीत तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. मावशी मागच्या बाकावर बायकांत, हे पुढे चाकाशी. "कामावर कसला नवरा आणि कसली बायको," असं दोघंही म्हणायची. तीन वर्षांपूर्वी तपासणीत कप्तानांची नजर कमी भरली आणि बोट दुसऱ्याकडे गेली. तेव्हापासून ते सकाळी मावशींना धक्क्यावर सोडायला यायचे, संध्याकाळी घ्यायला यायचे, आणि मधले दहा तास घरी. मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात. एकदा मला धक्क्यावर म्हणाले, "स्वयंपाक शिकलो हो मी ताई, बरा करतो. पण दुपारचं जेवण एकट्याच्या घशाखाली उतरत नाही. रेडिओ लावून जेवतो, म्हणजे कुणीतरी बोलतंय असं वाटतं."

यंदा मावशींची साठ वर्षं पूर्ण झाली. आता घरी जायचं. कप्तानांनी ओटीवर दोन खुर्च्या आणून ठेवल्या होत्या, असं बोटीतल्या बायकांकडून कळलं. आणि मी काय केलं? मी साहेबांच्या मागे लागून मावशींसाठी दोन वर्षांच्या मुदतवाढीचं पत्र करून घेतलं. खाली फक्त त्यांची सही हवी होती. खरं सांगायचं तर मला मावशी हव्या होत्या. त्यांच्याशिवाय लिनन रूम म्हणजे माझ्या डोक्याला घोर. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं. म्हणाल्या, "यांना काय सांगू? पण पोरी, घरी बसून मी करू काय? हात रिकामे राहिले की मला धास्तावल्यासारखं होतं." मी लगेच तेल ओतलं. "मावशी, तुम्ही गेलात की इथे सगळं मोडेल." आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

आमच्याकडे एक पद्धत आहे. पंचवीस वर्षांवर नोकरी झालेला माणूस निवृत्त होताना दोन रात्री इथेच पाहुणा म्हणून राहतो, सोबत घरचं एक माणूस. पाहुण्यांच्या बोटीतून येतो, पाहुण्यांच्या दारातून आत शिरतो आणि जाताना अभिप्रायाचं कार्डही भरतो. आम्ही त्याला उलटे दोन दिवस म्हणतो. ठरलं असं की मावशींनी ते पत्र जवळ ठेवायचं आणि तिसऱ्या दिवशी बारा वाजता, खोली सोडताना, सही करून किंवा न करता परत द्यायचं. मला खात्री होती की सही होणार. दोन दिवस काही न करता बसल्यावर ही बाई वेडी होईल आणि स्वतःहून पेन मागेल, असा माझा हिशोब होता.

पहिल्या दिवशी दुपारी दोघं आली. कप्तानांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि बोट लागताना चालकाने दोर कसा टाकला ते डोळे बारीक करून बघत होते. आम्ही रीतीप्रमाणे गार टॉवेल पुढे केला. मावशींनी तो घेतला, नाकाशी नेला आणि मला विचारलं, "आज धुवायला कोण होतं? साबण राहिलाय." मी म्हटलं, "पाहुण्यांनी असलं विचारायचं नसतं." तर म्हणाल्या, "पाहुण्याला नाक नसतं का?"

त्यांनी सात नंबरची कॉटेज निवडली होती, अगदी वाळूला लागून. आत गेल्यावर त्या बिछान्याभोवती एक फेरी मारून आल्या, कोपरा चिमटीत धरून बघितला, पण बसल्या मात्र खिडकीजवळच्या स्टुलावर. कप्तान खुशाल गादीवर बसले आणि उसळून म्हणाले, "अगं, केवढी मऊ आहे बघ!"

"उठा हो! सुरकुती पडेल," मावशी ओरडल्या.

"मग काय उभ्याने झोपू?"

रात्री जेवताना वेटरने मावशींच्या मांडीवर रुमाल पसरला तर त्या दचकून उठल्याच. जेवण झाल्यावर स्वतःची ताटली उचलून निघाल्या, तेव्हा वेटरने हात जोडले. "मावशी, माझी नोकरी जाईल." तेव्हा कुठे खाली ठेवली. मी मनात म्हटलं, झालं, उद्या दुपारपर्यंत सही होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला चष्मेवाली माझ्या टेबलाशी आली. ही आमच्या खोल्या करणाऱ्या बायकांमधली सगळ्यात काटेकोर बाई. तिचा चेहरा उतरलेला होता. म्हणाली, "ताई, सात नंबरचा बिछाना वापरलेलाच नाही."

मी धावतच गेले. दारावर टकटक केली, उत्तर नाही. आत बघते तर खोली काल दुपारी आम्ही तयार केली होती तश्शी. चादरीवर एक सुरकुती नाही, कोपरे घट्ट दुमडलेले, उशा फुगलेल्या. न्हाणीघर कोरडं ठणठणीत, साबण कोरडा, टॉवेलांची तिहेरी घडी, ग्लास पालथे. कचऱ्याची टोपली रिकामी. आम्ही टिश्यूचं टोक दुमडून करतो तो त्रिकोणसुद्धा जागच्या जागी होता. इथे रात्री कुणी राहिलंय असं कुणीच म्हटलं नसतं. मुदतवाढीचं पत्र टेबलावर होतं, सही नव्हती.

नियम तो नियम. मी साहेबांना कळवलं, त्यांनी जीवरक्षकाला, जीवरक्षकाने धक्क्यावर. दोन मिनिटांत धक्क्यावरून निरोप आला: कप्तान इथेच आहेत, पहाटे पाचपासून बोटवाल्यांबरोबर चहा पीत बसलेत. जीव भांड्यात पडला. मी तिकडे गेले आणि विचारलं, "कप्तान, मावशी कुठायत?"

"खोलीत. झोपलीय. म्हणजे मी निघालो तेव्हा झोपली होती."

"कुठे झोपली होती? बिछाना तर कुणी शिवलेला नाही."

कप्तान हळूच म्हणाले, "असं कसं? आम्ही दोघं झोपलो होतो की." आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. बाईने उठून बिछाना घातला होता. न्हाणीघर पुसलं होतं, साबण कोरडा केला होता, टोपली रिकामी करून आली होती. पाहुणी म्हणून आली आणि खोली करून गेली! मी तिचा कोपरा ओळखायला हवा होता म्हणाल, तर कसा ओळखणार? या बेटावरचा प्रत्येक कोपरा तिनेच शिकवलेला आहे. आम्ही सगळ्याजणी तिच्याच हाताने बिछाने घालतो.

म्हणजे बाई रात्री खोलीत होती. प्रश्न एवढाच उरला की आता कुठे आहे. मी म्हटलं, "कुठे जाणार? कामाला लागली असेल." आणि आम्ही तिला कामाच्या जागी शोधायला निघालो. लिनन रूममध्ये नाही. धुलाईच्या शेडमध्ये नाही. मागच्या वाळवणाच्या तारांशी नाही. स्वयंपाकघरात भाजी निवडायला बसली असेल म्हणून तिथे गेलो, तिथेही नाही. कर्मचाऱ्यांच्या जेवणघरात, शिवणाच्या खोलीत, साठ्याच्या खोलीत, इस्त्रीवाल्याकडे. इस्त्रीवाला म्हणाला, "मावशी आज येणार होत्या का? मग मी आधीच सगळं आवरून ठेवलं असतं."

दहा वाजून गेले. आता मात्र मी पाण्याकडे बघायला लागले. तीस वर्षं बेटावर काम केलं, पण मावशींना पोहता येत नव्हतं. घोट्याच्या वर त्यांनी कधी पाणी चढू दिलं नाही. त्यात त्यांचा उजवा गुडघा कधीही दगा द्यायचा. जीवरक्षक मनोऱ्यावर चढून दुर्बिणीने पाणी बघायला लागला. दोन माणसं खडकांकडे गेली. आम्ही किनाऱ्यावरून इकडून तिकडे तीनदा गेलो. बारा आरामखुर्च्यांपैकी एकीवर कुणीतरी पाहुणी झोपली होती, पांढरा झगा, तोंडावर गवती टोपी. तिची झोप मोडू नये म्हणून तिन्ही वेळा आम्ही वाळूतून वळसा घातला आणि हाका मारणंही थांबवलं. एवढ्या धांदलीतही शिस्त सुटली नाही, याचा तेव्हा मला अभिमानच वाटला होता. गाढवपणा, दुसरं काय.

कप्तान धक्क्यावरच उभे होते. त्यांना किनाऱ्यावर धावायला मी बंदी केली होती, नजर कमी म्हणून. मी परत गेले तेव्हा ते पाण्याकडे बघत होते आणि दोन्ही हातांनी दोर धरून होते, बोट नसलेला नुसताच दोर.

"ताई," ते म्हणाले, "रात्री आमचं वाजलं. ती म्हणाली उद्या सही करून टाकते, म्हणजे डोक्याला कटकट नको. मी म्हटलं, कर, त्या चादरींशीच संसार कर. असं बोलून गेलो. सकाळी उठलो तो तिच्याशी न बोलताच निघालो." त्यांचा आवाज फाटला. "करू दे हो तिला सही. दोन काय, दहा वर्षं करू दे. फक्त सापडू दे."

मी त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघं किनाऱ्यावरून सात नंबरकडे चालायला लागलो. ते सरळ चालत होते. त्यांना ना वळसा माहीत, ना नियम. आरामखुर्च्यांपाशी आल्यावर मी त्यांना हळूच बाजूला ओढलं, तर ते थबकले. मान तिरकी केली.

"थांबा," म्हणाले.

"पाहुणी झोपलीय कप्तान. घोरतेय बिचारी."

आमच्याकडे पाहुण्यांचं घोरणंसुद्धा आम्ही अदबीने ऐकतो. पण कप्तान हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हणाले, "अहो, दिसत नसेल मला, पण बहिरा नाही मी. बत्तीस वर्षं हे ऐकतोय. आधी शिट्टी, मग थोडी विश्रांती, मग इंजिन सुरू. ही आमचीच!"

मी टोपी जराशी उचलली. मावशी! तोंड अर्धवट उघडं, अंबाडा सुटून केस खांद्यावर आलेले, दोन्ही हात झग्याच्या बाहेर, तळवे वर. वीस वर्षांत मी त्यांचे हात रिकामे पहिल्यांदाच बघत होते. आम्ही अख्खं बेट पालथं घातलं होतं, पण मावशी आराम करत असतील हे एकवीस माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. माझ्या तर नाहीच नाही. आमच्या मनात मावशी म्हणजे गणवेश आणि जुडगा; झगा घातला की त्या आम्हाला दिसेनाशाच झाल्या.

मी त्यांना हलवायला हात पुढे केला तर कप्तानांनी तो धरला. "राहू द्या," म्हणाले. मग शेजारची खुर्ची चाचपून ते तिच्यावर बसले. पाय वर घ्यावेत की नाही हे त्यांना ठरवता येईना, शेवटी चपला काढून घेतलेच. मी सगळ्यांना निरोप पाठवला की सापडल्या. माणसं बघायला आली, झाडांमागे उभी राहिली आणि तोंडावर हात धरून हसत परत गेली. त्या दिवशी आमच्या किनाऱ्यावर जेवढी शांतता होती तेवढी कुठल्याही राजाला मिळाली नसेल.

मावशी एक वाजता जाग्या झाल्या. मी तेव्हा तिथेच होते, कारण जेवणाचं ताट मी स्वतः घेऊन आले होते. त्यांनी टोपी बाजूला केली, आधी आभाळाकडे बघितलं, मग कप्तानांकडे.

"किती वाजले हो?"

"एक."

"दुपारचा?" त्या धडपडत उठून बसल्या. "अगं बाई! मी इथे काय करत होते?"

"काही नाही," कप्तान म्हणाले.

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही म्हणजे काही नाही. चार तास तरी. मी हिशोब केलाय."

मग मला सगळी हकीकत कळली. पहाटे कप्तान निघून गेल्यावर मावशींनी बिछाना घातला. "पसारा बघवत नाही ना पोरी." न्हाणीघर पुसलं. टोपली कोपऱ्यावरच्या पिंपात ओतली. नवे कपडे चुरगळू नयेत म्हणून पिशवीतच ठेवले, पिशवी कपाटात सारली आणि झगा घातला. मग करण्यासारखं काहीच उरलं नाही. तेव्हा किनाऱ्यावरच्या खुर्च्यांवरचे टॉवेल नीट घातलेत का ते बघायला बाहेर आल्या. एक तिरका होता. तो सरळ करायला जरा टेकल्या.

"टेकले, तर वारा इतका बरा होता," त्या म्हणाल्या. "म्हटलं, पाच मिनिटं. रात्री झोप नव्हती ना. हे बोलले होते तसं."

कप्तान म्हणाले, "चुकलो मी. तू कर सही. मी आता मध्ये येत नाही."

मावशींनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू वाढणार आहेस का आम्हाला?"

"हो."

"मग नीट वाढ. यांना आधी."

मी वाढलं. दोघं समोरासमोर बसून जेवली. भात, तळलेला मासा, कापलेली फळं, काही विशेष नव्हतं. कप्तान दर दोन घासांनी मान वर करून समोर बघत होते, आणि समोर कुणीतरी आहे याची खात्री झाली की पुन्हा जेवत होते. मावशींनी ते पाहिलं. त्यांचा घास हातातच राहिला. "तुम्ही रोज इतकं भराभर जेवता?" त्यांनी विचारलं. कप्तान म्हणाले, "एकट्याला किती वेळ लागणार?" मावशींनी पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला. पत्राबद्दल विचारायची ती चांगली वेळ होती, जीभ चुरचुरत होती, पण जन्मात पहिल्यांदा मी गप्प बसले आणि रिकामी भांडी घेऊन निघून आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला दुसऱ्या टोकाला नव्या पाहुण्यांचं काम निघालं. साडेअकराला मी धावत धक्क्यावर आले तेव्हा बोट सुटत होती. मावशी नव्या कपड्यांत होत्या. सवयीने त्या मागच्या बाकाकडे वळल्या, तसं कप्तानांनी नुसतं शेजारी हाताने थोपटून दाखवलं. त्या पुढे जाऊन त्यांच्याजवळ बसल्या. मी ओरडले, "मावशी, पत्र?" ओरडायला मनाई आहे, पण ओरडले. त्यांनी खोलीच्या दिशेने हात केला. बोट दूर गेली.

खोलीच्या दारात चष्मेवाली हात कमरेवर ठेवून उभी होती. "ताई, हे बघा तरी."

सात नंबरचा बिछाना असा होता की जणू तिथे मांजर व्याली असावी. चादर एका बाजूने गादीखालून निघून जमिनीवर लोळत होती. अभ्र्यांवर दोन खळगे, अगदी जवळजवळ. ओला टॉवेल खुर्चीच्या पाठीवर, दुसरा न्हाणीघराच्या दारात. दोन ग्लास उताणे, एकात नारळपाण्याचा घोट उरलेला. फरशीवर वाळूच्या पावलांच्या दोन रांगा थेट बिछान्यापर्यंत आल्या होत्या. मी त्या दाराशीच उभी राहिले. चादर वाचायला मला मावशींनीच शिकवलं होतं. इथे दोन माणसं उशिरापर्यंत झोपली होती, आणि उठल्यावर बिछाना तसाच टाकून गेली होती.

पत्र टेबलावर होतं. सहीची जागा कोरी. त्यावर दाबायला म्हणून अभिप्रायाचं कार्ड ठेवलेलं, मावशींच्या ठसठशीत अक्षरात भरलेलं. खोली कशी वाटली, तिथे लिहिलं होतं, छान. सेवा कशी वाटली, तिथे, टॉवेलात साबण राहतो. आणि खाली, सूचनांच्या जागी: "चादरींना खळ फार आहे. झोपणाऱ्याला टोचते. ती मीच घालायला लावत होते. मला माहीत नव्हतं. बंद करा."

मी चष्मेवालीला म्हटलं, "तू आठ नंबर घे, ही खोली मी करते." ती गेल्यावर दार लावलं, चपला काढल्या आणि त्या चुरगळलेल्या बिछान्यावर आडवी झाले. पाचच मिनिटं. खरंच टोचत होती.